मान्झूचं रिलीफ पाट्यावर चिकटवल्यासारखं का दिसत नाही आणि आपलं का दिसतं

प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. विचारणारे शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला आहेत, डिप्लोमासाठी तीन बाय दोन फुटांचं रिलीफ, म्हणजे सपाट पाट्यावर उठाव देऊन केलेलं शिल्प, करतायत, विषय आहे आजीचं जाणं. सरांनी सांगितलं की जाकोमो मान्झू या इटालियन शिल्पकाराचं रोममधलं ब्रॉन्झचं दार बघ. यांनी फोटो बघितले आणि आता म्हणणं असं की मान्झूच्या आकृत्यांना उठाव फारसा नसतानाही त्या खऱ्या वाटतात, माझी आजी मात्र पाट्यावर बाहुली चिकटवल्यासारखी दिसते, तर उठाव अजून वाढवू का? आणि जाता जाता दुसरा प्रश्न, हा माणूस डाव्या विचाराचा होता म्हणतात, मग पोपच्या चर्चचं दार याला कसं मिळालं?

पहिल्याचं उत्तर लगेच देतो, वाढवू नका. काल रात्रीच वाढवला असेल तर सकाळी माती खरवडायचं वायर टूल घेऊन उतरवा. मी गेली सव्वीस-सत्तावीस वर्षं पोर्ट्रेट आणि रिलीफची कामं करतोय, त्यातली निम्मी पुढाऱ्यांची आणि संस्थापकांची, त्यामुळे चिकटवलेल्या बाहुल्या मी स्वतः भरपूर केल्यात, अनुभवाचे बोल आहेत. तुमचा प्रॉब्लेम उठावाचा नाही, कडेचा आहे. आकृती जिथे संपते आणि मागचा पाटा सुरू होतो ती कड तुम्ही सगळीकडून सारखी ठेवलीये. डोक्याभोवती जेवढी धार तेवढीच खांद्याभोवती तेवढीच पायाभोवती, म्हणजे कातरीने कापून ठेवल्यासारखं. त्यात उठाव वाढवला की कातरलेला पुठ्ठा जाड होतो, एवढंच.

खिशातलं एखादं नाणं काढा आणि खिडकीशी तिरकं धरा. त्यावरच्या सिंहांना एक मिलिमीटरसुद्धा उठाव नाही, तरी तिरक्या उजेडात ते गोल दिसतात. आता तेच नाणं सरळ ट्यूबलाइटखाली समोरून धरा, सिंह गायब. रिलीफ म्हणजे मातीत काढलेलं सावलीचं चित्र आहे. सावली कुठे पाडायची आणि कुठे नाही पाडायची हे ठरवणं हेच काम, सेंटिमीटर मोजणं हे काम नाही.

आता मान्झूकडे येतो. त्याच्या आयुष्याबद्दल लोक पोप आणि कम्युनिझम एवढंच बोलतात पण आपल्यासारख्यांनी त्याची सुरुवात बघायला पाहिजे. जन्म 1908, बेर्गामो, इटलीच्या उत्तरेला. वडील चांभारकाम करायचे आणि चर्चमध्ये देखभालीचं कामही बघायचे, घर मुलांनी भरलेलं, शाळा लवकर सुटली. पोरवयात तो लाकूड कोरणाऱ्याकडे, सोन्याचा वर्ख देणाऱ्याकडे, चुन्याचं नक्षीकाम करणाऱ्याकडे कामाला होता. म्हणजे अकॅडमीत अॅनाटॉमी शिकण्याआधी त्याच्या हाताला सपाट पृष्ठभागावर काम करायची सवय लागलेली. वर्ख लावणाऱ्याला एक गोष्ट पक्की कळते, पृष्ठभाग कितीही थोडा वर-खाली झाला तरी उजेड त्याला पकडतो.

मग विशीच्या आसपास लष्करी नोकरीसाठी व्हेरोनाला गेला. तिथे सान झेनो नावाचं जुनं चर्च आहे, त्याच्या लाकडी दाराला ब्रॉन्झचे 48 चौकोन ठोकलेत, अकराव्या-बाराव्या शतकातले. फोटो शोधून बघाच. आकृत्या ओबडधोबड आहेत, प्रमाण नाही, पण डोकी पाट्यातून पार बाहेर आलीयेत, जवळजवळ पूर्ण गोल, आणि पाय पाट्यात विरून गेलेत. त्या अनाम कारागिरांना कोणी सांगितलं नव्हतं की उठाव सगळीकडे एकाच हिशोबाने ठेवा. जे महत्त्वाचं ते बाहेर काढलं, बाकीचं सोडून दिलं. मान्झूच्या पुढच्या सगळ्या दारांचं मूळ मला तरी तिथे दिसतं.

दुसरं मूळ दोनातेल्लो, पंधराव्या शतकातला इटालियन शिल्पकार. त्याने 1417 च्या सुमाराला फ्लॉरेन्समध्ये संत जॉर्जच्या पुतळ्याखाली जी संगमरवरी पट्टी केली त्यात मागचं झाड, कमानी अक्षरशः नखाने ओरखडल्यासारख्या आहेत. इटालियनमध्ये या प्रकाराला स्त्याच्यातो म्हणतात, म्हणजे चेपलेलं. मान्झूने या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या, कुठे सान झेनोसारखं एकदम बाहेर आणि कुठे दोनातेल्लोसारखा नुसता ओरखडा, आणि दोन्ही एकाच आकृतीत. ही त्याची खरी करामत.

मी ते दार प्रत्यक्ष एकदाच बघितलंय. सेंट पीटर्स, म्हणजे पोपच्या मोठ्या चर्चच्या पुढच्या व्हरांड्यात पाच दारं आहेत, मान्झूचं अगदी डावीकडचं, साडेसात मीटरपेक्षा उंच. नाव मृत्यूचं दार, कारण पूर्वी अंत्ययात्रा तिथून बाहेर निघायच्या. मधलं मोठं दार फिलारेते नावाच्या जुन्या शिल्पकाराचं, ते 1445 मध्ये पूर्ण झालं. गर्दी सगळी फिलारेतेपाशी आणि आत घुसायच्या गडबडीत, मान्झूपाशी मी आणि एक झोपाळलेला सिक्युरिटीवाला. पण या दोन दारांत मी पाऊण तास येरझाऱ्या घातल्या आणि रिलीफबद्दल जेवढं तिथे कळलं तेवढं दहा वर्षांत कळलं नव्हतं. फिलारेतेने बोटभर जागा सोडलेली नाही, मोठाले संत, त्यांच्याभोवती वेलबुट्टी, वेलबुट्टीत प्राणी, प्राण्यांमध्ये अजून गोष्टी. आपल्याकडे देवळाच्या दाराला चांदीचा पत्रा ठोकतात तेव्हा जसा इंच न् इंच भरतात ना, तस्संच. वाईट नाहीये ते, त्याची वेगळी श्रीमंती आहे. पण तिथून वळून मान्झूकडे आलात की पहिल्यांदा डोळ्यात भरतो तो रिकामा पाटा. प्रत्येक चौकोनात एखाद-दुसरा माणूस आणि बाकी नुसतं ब्रॉन्झ, थोडं खडबडीत, थोडं माती थापल्यासारखं.

खालच्या बाजूला आठ मृत्यू आहेत, बायबलमधले आबेल आणि जोसेफ, पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्टीफन, पोप ग्रेगरी सातवे, आणि मग हिंसेने आलेला मृत्यू, अवकाशातला मृत्यू, पोप जॉन तेविसावे, आणि जमिनीवरचा मृत्यू. या शेवटच्यापाशी तुम्ही थांबा, कारण तुमचा विषय तोच आहे. एक बाई खुर्चीत कलंडलीये आणि एक लहान मूल रडत तिच्याकडे बघतंय. संत नाही, देवदूत नाही, घरातलं मरण. तिथे कड बघा कशी चालते. जिथे शरीराचं वजन पडलंय तिथे खाली सावली खोल आहे, आणि कपड्याची एक घडी पुढे जाऊन नुसती रेघ होते आणि मग ती रेघही पाट्यात संपते, कुठे संपली हे बोट ठेवून सांगता येत नाही. डोळा ती रेघ स्वतः पूर्ण करतो आणि डोळ्याने पूर्ण केलेली गोष्ट चिकटवलेली वाटत नाही, कारण ती पाट्यातूनच आलेली असते.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर येतो, कारण तो वेगळा प्रश्न नाहीच. दारासाठी स्पर्धा जाहीर झाली 1947 मध्ये, पैसे बव्हेरियाच्या एका राजघराण्यातल्या पाद्र्याने मृत्युपत्रात ठेवलेले. 1952 मध्ये काम मान्झूकडे आलं. दिलेला विषय होता संत आणि हुतात्म्यांचा गौरव, म्हणजे गर्दीचा विषय, फिलारेतेच्या घरातला. आणि मान्झू अडकला. वर्षं जात राहिली. मधल्या काळात त्याने साल्झबर्गच्या कॅथिड्रलसाठी प्रेमाचं दार करून टाकलं, 1958 मध्ये, पण रोमचं दार काही हलेना.

त्यात भर म्हणजे चर्चचं आणि त्याचं आधीपासून वाजलेलं. 1939 पासून त्याने ख्रिस्ताच्या क्रूसाची छोटी रिलीफं केली होती, त्यात ख्रिस्ताशेजारी जाडजूड नागडा शिपाई, डोक्यावर जर्मन पद्धतीचं हेल्मेट. म्हणजे कोण कोणाला मारतंय हे सांगायची गरजच नाही. 1942 मध्ये ती दाखवली तेव्हा फॅसिस्टही चिडले आणि चर्चवालेही. ही रिलीफं हातात मावतील एवढी आहेत आणि माझ्या मते त्याचं सगळ्यात शुद्ध काम तेच, दारांपेक्षाही. मत आहे, भांडायला येऊ नका.

मग 1958 मध्ये जॉन तेविसावे पोप झाले. ते सोत्तो इल मोन्तेचे, म्हणजे बेर्गामोच्या बाजूचं खेडं, शेतकरी घरातले. आपल्याकडे गाववाला भेटला की जे होतं ते तिकडेही होत असणार. मध्ये दुवा होता ज्युझेप्पे दे लुका नावाचा विद्वान पाद्री, मान्झूचा मित्र. मान्झूची श्रद्धा तोवर उडालेली, पोपना ते माहीत होतं, तरी ते त्याच्यासमोर बस्टसाठी, म्हणजे डोकं-खांद्यांच्या पुतळ्यासाठी, बसले आणि त्याने त्यांचे एकाहून जास्त बस्ट केले. त्याच काळात दाराचा विषय बदलला, गौरव गेला आणि मृत्यू आला. दे लुका 1962 मध्ये वारले, दार त्यांच्या नावे अर्पण केलंय. पोप जून 1963 मध्ये गेले, त्यांचा डेथ मास्क, म्हणजे मृत चेहऱ्याचा साचा, आणि हाताचा साचा मान्झूनेच घेतला आणि दारावर एका चौकोनात त्यांना गुडघे टेकून प्रार्थना करताना दाखवलं. 28 जून 1964 ला पुढच्या पोपनी दार उघडलं. थोड्याच काळात मान्झूला सोव्हिएत रशियाचा लेनिन शांतता पुरस्कारही मिळाला, एकाच माणसाला दोन्हीकडून, हे बघून मलाही हसू येतं.

पण मला त्यातलं राजकारण नाही सांगायचं. विषय बदलल्यावर पाटा रिकामा झाला, मला ते महत्त्वाचं वाटतं. गौरव करायचा तर माणसं लागतात, झेंडे लागतात, आभाळात देवदूत लागतात. मरायला एकटा माणूस पुरतो. त्याच्या भोवतीची जी मोकळी जागा आहे ती उरलेली जागा नाहीये, तो एकटेपणाच आहे, म्हणून ती इतकी भरीव वाटते. तुम्ही प्रश्नात लिहिलंय की मागे मी देव्हारा, भिंतीवरचं कॅलेंडर, खिडकी आणि तुळस घेतलीये. अहो, आजी कुठे आहे मग? तुळस काढा. कॅलेंडर तर आधी काढा.

आता थोडं माझ्या बाजूने, कारण नुसतं मान्झू मान्झू करून माती हलत नाही. एका संस्थेच्या संस्थापकांचं रिलीफ केलं होतं मी, साधारण पंधरा वर्षांपूर्वी. स्टुडिओत उत्तरेची खिडकी डावीकडे, माती करडी आणि मॅट, चेहरा असा काही उतरला होता की बघणारे गप्प व्हायचे. ब्रॉन्झ ओतलं, काळपट पॅटिना, म्हणजे धातूवर रसायनाने आणलेला रंग, दिला, नेऊन लावलं त्यांच्या लॉबीत. तिथे छताला फॉल्स सीलिंग आणि सगळीकडून सारखा पांढरा उजेड. उद्घाटनाला पडदा सरकवला आणि मला घाम फुटला, संस्थापकांच्या जागी काळा चकचकीत तवा. नाक दिसतंय, चष्म्याची कड दिसतेय, बाकी शून्य. लोक टाळ्या वाजवत होते, मी मान खाली घालून उभा. नंतर स्वखर्चाने वरच्या कोपऱ्यात एक स्पॉटलाइट बसवून घेतला तेव्हा कुठे चेहरा परत आला.

तेव्हापासून दोन गोष्टी धरून आहे. एक, मातीत दिसतं ते ब्रॉन्झमध्ये दिसेलच असं नाही. माती उजेड शोषते, त्यामुळे गालाचा हलका फुगवटासुद्धा वाचता येतो. काळं ब्रॉन्झ उजेड परत फेकतं, त्यात हलकं मॉडेलिंग बुडतं आणि फक्त कडा आणि चकाकी उरते. मान्झूचा ओरखडा म्हणूनच ब्रॉन्झमध्ये जगतो, ओल्या मातीत टूल ओढलं की दोन्ही बाजूंना बारीक माती वर येते, ती वरंबी त्याने पुसलेली नसते, आणि ब्रॉन्झमध्ये नेमकी तीच चमकते. आपल्याला शाळेपासून सवय स्पंजने सगळं गुळगुळीत करायची. नका करू. टूलची खूण राहू दे.

दोन, काम सुरू करायच्या आधी जागा विचारायची. इथे मात्र मी तुम्हाला ठाम काही सांगू शकत नाही, कारण बरंच तुमच्याकडच्या परिस्थितीवर आहे. ज्युरीला काम भिंतीवर लावून दाखवणार की टेबलवर आडवं? किती अंतरावरून बघणार? फायबरमध्ये करणार की मेटलमध्ये? फायबर असेल, बजेट बघता तेच असेल, तर ओरखडे थोडे जास्त खोल घ्या, जेलकोट, म्हणजे फायबरचा बाहेरचा गुळगुळीत थर, आणि वरचा रंग मिळून बारीक रेघ बुजवतात. आणि कृपा करून सोनेरी रंग मारू नका, गडद तपकिरी मारून वरच्या कडा कापडाने पुसून घ्या. मेटलमध्ये ओतणार असाल तर एवढं मोठं सपाट काम थंड होताना वाकतं, ओतण्याआधी मेणाची प्रत करतात त्या स्टेजलाच मागून आडव्या-उभ्या पट्ट्या टाका आणि जाडी पाच-सहा मिलिमीटरच्या आसपास सगळीकडे सारखी ठेवा, नाहीतर जाड-बारीक जिथे भेटतं तिथे खड्डा किंवा चीर येते. फाउंड्रीवाल्याशी आधीच बोला, त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

प्रत्यक्षात काय कराल ते सांगतो. खोलीत अंधार करा, मोबाईलचा टॉर्च वरच्या डाव्या कोपऱ्यातून पाट्याला जवळजवळ चिकटवून धरा आणि आजीच्या बाह्यरेषेवरून नजर फिरवा. जिथे तुम्हाला तिचं वजन हवंय, उशीवर डोकं, गादीवर हात, तिथेच कड धारदार ठेवा, हवं तर आतून थोडी कोरून घ्या म्हणजे सावली काळी पडेल. साच्याला अडकेल म्हणून घाबरू नका, वेस्ट मोल्ड, म्हणजे एकदाच वापरायचा प्लास्टरचा साचा, फोडायचाच असतो, सिलिकॉन असेल तर तो वाकतो. बाकी ठिकाणी अंगठ्याने कड पाट्यात मिसळून टाका. खांदा मिसळा, पांघरुणाचं टोक मिसळा. भीती वाटेल, आकार हरवतोय असं वाटेल. हरवू दे थोडा.

आणि पाट्याला पाटा म्हणून वागवू नका. तो फूटपट्टीने सपाट केलेला असेल तर आकृती त्यावर बसणारच चिकटवल्यासारखी. हाताने थापा, कुठे दोन-तीन मिलिमीटर आत, कुठे बाहेर, आजीच्या डोक्यामागे जरा खोलगट घ्या, त्याने डोकं आपोआप पुढे येतं. उठाव न वाढवता उठाव मिळतो तो असा. एलिफंटाला एखाद्या दिवशी जाऊन या, तिथलं काम खूप खोल उठावाचं आणि दगडातून कोरलेलं आहे, आपल्या मातीच्या उलट पद्धत, पण गुहेत उजेड बाजूने येतो तेव्हा आकृत्या कातळातून बाहेर येताना दिसतात, वरून लावलेल्या नाही दिसत. सकाळची पहिली बोट पकडा, नंतर सेल्फीवाले येतात.

मान्झूचं अजून बघायचं असेल तर त्याचे कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालचे वरिष्ठ धर्मगुरू, बघा, 1934 मध्ये रोमला पोप आणि कार्डिनल बसलेले बघितले तेव्हापासून तो विषय त्याच्या डोक्यात गेला तो आयुष्यभर, तीनशेच्या वर केले त्याने. वरवर ते रिलीफ नाहीत, पूर्ण गोल पुतळे आहेत. पण त्या झग्याचा शंकू बघा, आत शरीर आहे की नाही कळत नाही, बाहेर दोन-तीन घड्या आणि वर एक छोटा चेहरा. काय सोडून द्यायचं हे तिथेही तेच. रोमच्या दक्षिणेला आर्देआला त्याचं स्वतःचं संग्रहालय आहे, तो 1991 मध्ये वारला. तिथलं बरंच काम ऑनलाइन बघता येतं. फक्त एक लक्षात ठेवा, फोटोग्राफरने लाइट कुठून मारलाय ते आधी शोधायचं, सावली बघून. समोरून फ्लॅश मारलेला फोटो असेल तर तो बघून मान्झूबद्दल मत बनवू नका, माझ्या त्या तव्यासारखं होईल.

उठाव उतरवून कडा मिसळून झाल्या की फोटो इथे टाका. दोन टाका, एक टॉर्च डावीकडून आणि एक उजवीकडून, फ्लॅश बंद ठेवून. आणि माती ओली ठेवा, या दिवसांत रात्रीतून तडकते, ओल्या फडक्यावर प्लास्टिक नीट गुंडाळा.